मासळीच्या पोत्यावरचे फटके

जेनेबा म्हातारीची जीभ हा साऱ्या घराला लागलेला घोर होता, आणि त्या दिवशी तो सगळा एकट्या तेनिनच्या वाट्याला आला होता. तेनिन तिची धाकटी सून. मोप्ती शहराच्या बाजाराला निघालेल्या लांबट होडीत, चटईच्या छपराखाली, धुरावलेल्या मासळीच्या पोत्यांना टेकून दोघी बसल्या होत्या आणि तेनिन पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होती.

"आई, पाया पडते तुमच्या. ते लोक वाटेत भेटले तर तोंडातून अक्षर काढू नका."

"मी काय बोलते गं?"

"मघाशी नावाड्याला काय बोललात?"

"त्याच्या आज्याला बोलले. तो मेलाय कधीचा. त्याला काय लागतंय?"

समोरच्या बायका फिसकन हसल्या आणि लगेच काठाकडे बघून गप्प झाल्या. हल्ली हसू असंच अर्धवट यायचं. बंदुका घेऊन आलेल्या त्या लोकांना गावात कोणी नावाने हाक मारत नसे, नुसतं 'रानातले' म्हणत. त्यांनी लग्नातले ढोल बंद केले, दंडावरचे ताईत बंद केले, बायांचं मोठ्याने हसणं बंद केलं. गावचे म्हातारे इमाम स्वतः पोराबाळांना ताईत बांधून द्यायचे आणि जेनेबाच्या थट्टेवर पोट धरून हसायचे. तेही आता नमाज झाला की मान खाली घालून घरी जात. धर्म तोच, नमाज तोच. पण गावाचा देव हसऱ्या तोंडाचा होता आणि हे लोक घेऊन आले तो कपाळाला आठ्या घालून बसलेला. तेनिनला तरी तसंच वाटे. हे ती कुणाशी बोलली नव्हती.

नदीच्या वळणावर बाभळीखाली मोटारसायकली दिसल्या. कुणीतरी बंदूक उंच करून हलवली. नावाड्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं.

पुरुषांना काठावर उतरवून रांगेत उभं केलं. बायकांनी डोकी झाकली. म्होरक्या दूर वाळवंटातून आलेला, उंच, स्वच्छ कपड्यातला माणूस होता. त्याला अमीर, म्हणजे सरदार, म्हणत. आवाज इतका मऊ, की कुणाला वाटावं आजाऱ्याची चौकशी करायला आलाय. त्याला इकडची भाषा धड येत नव्हती, म्हणून तोंडाला फडकं गुंडाळलेला एक तरुण त्याचं बोलणं सगळ्यांना सांगत होता. अमीरने त्याला होडीत झडती घ्यायला पाठवलं.

तो तरुण होडीत चढला आणि होडी डुलली. त्याने पटकन छपराचा बांबू दोन्ही हातांनी धरला. बंदूक खांद्यावरून घसरली. डोळे पाण्यावरच खिळलेले. "पोती उघडा," तो म्हणाला. बोलण्याला वरच्या कड्यांकडचा, डोगोन मुलखाचा हेल होता.

तेनिनने सासूचं मनगट दाबलं, पण फार उशीर झाला होता.

"अरे कांद्या!" जेनेबा म्हणाली. "मालकिणीच्या होडीत चपला घालून चढतोस? लाज नाही वाटत, गुलामा?"

नदीकाठचे, जेनेबासारखे बोझो कोळी आणि वर कड्यांवर कांदा पिकवणारे डोगोन यांचं नातंच तसं आहे. पूर्वजांची शपथ आहे. भेटले की एकमेकांना शिव्या द्यायच्या, गुलाम म्हणायचं, आणि कुणी राग धरायचा नाही. एकाने दुसऱ्याचं रक्त मात्र सांडायचं नाही. सांडेल त्याचं घर बसलं म्हणायचं. डोगोन दिसला आणि जेनेबा गप्प राहिली असं तिच्या जन्मात झालं नव्हतं. शिंक यावी तसं ते तिच्या तोंडून निघालं.

आणि पोरानेही शिंकेसारखंच उत्तर दिलं. "गप गं सडके मासळी! गुलाम तू, तुझा बाप पण माझ्या आज्याचा गुलाम!" म्हणाला आणि फडक्याआड खदखदून हसला.

मग त्याचं त्यालाच कळलं. हसू जागच्या जागी मेलं.

काठावरून अमीरने मऊ आवाजात विचारलं, काय चाललंय? पोराने काहीतरी सांगितलं. अमीरने मान हलवली. या मुलखातल्या या खुळ्या शपथा त्याच्या कानावर आलेल्या होत्या. तो सावकाश बोलत गेला आणि पोरगा ते सगळ्यांना सांगत गेला. नातं एकच, श्रद्धेचं. बाकीची सगळी अज्ञानातली घाण. श्रद्धावंत भावाला गुलाम म्हणणारी बाई, तिच्या दंडावर ताईतही दिसतोय. दहा फटके. आणि जो भाऊ तिच्याबरोबर हसला, त्यानेच ते मारावेत, म्हणजे त्याचंही मन धुऊन निघेल.

"पण आम्ही काही रानटी नाही," असं तो शेवटी म्हणाला. म्हाताऱ्या बाईची शोभा चारचौघांत व्हायला नको. होडीतच, छपराची चटई खाली सोडून. बाकीच्या बायकांनी उतरावं, सुनेने तिचे हात धरावेत. तो स्वतः पाठ फिरवून उभा राहील, कारण परक्या बाईकडे बघणं पाप. एवढं बोलून तो खरंच पाठ फिरवून उभा राहिला आणि त्याने जपाची माळ हातात घेतली. स्वतःच्या दयाळूपणावर तो अगदी खूश दिसत होता. तेनिनला बंदुकांपेक्षा त्या पाठीची जास्त भीती वाटली.

चटई खाली आली. आत अंधुक उजेड, मासळीचा वास आणि ते तिघं. पोराच्या हातात कातडी चाबूक होता.

"मला नाही जमायचं," तो पुटपुटला. "बोझोचं रक्त... माझी आई आहे घरी. बहिणी आहेत."

"आडनाव काय तुझं?" जेनेबाने विचारलं. अशा वेळी!

"साये."

"मग बरोबर आहे. सगळे साये घाबरट."

"आई, गप्प बसा हो!" तेनिन रडकुंडीला आली. तिने मासळीचं एक पोतं ओढून पुढे केलं. "यावर मार. आई, तुम्ही ओरडा."

चाबूक पोत्यावर बसला. जेनेबा बघतच राहिली. तेनिनने तिला करकचून चिमटा काढला, तेव्हा ती ओरडली. दुसरा फटका. म्हातारी विव्हळली आणि श्वास घेता घेता कुजबुजली, "कांद्या, चुरा करतोयस सगळा. कोण घेणार ही बाजारात?" तिसरा. पोराचे डोळे पाण्याने भरले होते. चौथा.

"थांब," बाहेरून अमीर म्हणाला.

त्याने काहीतरी विचारलं. पोराने बायकांना सांगितलं, "विचारतात, आवाज असा भद्द का येतोय."

"सांग, कपडे जाड आहेत," तेनिन म्हणाली.

पोराने सांगितलं. मग उत्तर आलं, आणि पाठोपाठ पाण्यात पाऊल पडल्याचा आवाज.

"म्हणतात, जाड कपडा काढ. पुन्हा तसा आवाज आला तर स्वतः येऊन बघतील. पोतं बघितलं तर तिघांनाही..."

तेनिन काही शूर नव्हती. उंदीर दिसला तरी ती पाटावर चढायची, घरातली मुलं तिला त्यावरून चिडवायची. पण ती दक्षिणेकडून, बटाट्याच्या मुलखातून दिलेली. तिच्या माणसांनी कुणा डोगोनशी कधी शपथ घेतली नव्हती. लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी या घरातल्या थट्टा ती बाहेरूनच ऐकत आली होती. सासू-सुनेत तर थट्टा नसतेच, तिथे फक्त मान. जेनेबा साऱ्या जगाला शिव्या द्यायची, तिला कधी नाही. त्याचंच तेनिनला मनातून वाईट वाटायचं.

तिने अंगावरची ओढणी काढली आणि पोराकडे पाठ केली.

"मला मार. मी बोझो नाही. तुझं माझं काही नातं नाही."

"तेनिन!" जेनेबाचा आवाज फुटला.

"मार ना! तो येतोय!"

पोराने डोळे मिटून फटका मारला. आवाज बरोबर आला. बाहेरचं पाऊल थांबलं.

तेनिनने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. तिचा आवाज बाहेर जायला नको होता; तरण्या बाईचा आवाज वेगळा, लगेच कळला असता. पाठीवर आगीची रेघ उठत होती आणि ती बोळा चावत होती. ओरडत होती ती जेनेबा. आता तिला चिमटा काढावा लागत नव्हता. सुनेचे दोन्ही हात घट्ट धरून ती प्रत्येक फटक्याला अशी ओरडत होती, की काठावरच्या बायका मोठ्याने रडायला लागल्या. ते सोंग नव्हतं. पोरगा मारता मारता हुंदके देत होता. बाहेर माळेचे मणी शांतपणे सरकत होते.

सगळं झाल्यावर तेनिनने ओढणी पुन्हा अंगावर घेतली आणि ती ताठ बसली. पोरगा बाहेर पडायला निघाला. जेनेबाने त्याच्याकडे बघितलंही नाही. चटई उचलली गेली. अमीर अजून पाठमोराच होता. त्याने एक डबी मागे हात करून दिली. पोराने ती आत आणली आणि खालमानेने सांगितलं, "म्हातारीच्या जखमांना लावायला. आणि म्हणतात, आजपासून तुम्ही त्यांच्या बहीण."

जेनेबाने डबी घेतली. तेनिनला धसका बसला, आता ही काय बोलते! ती काहीच बोलली नाही.

होडी सुटली. बाभळी दिसेनाशा झाल्या. बाकीच्या बायका जेनेबाला पाणी देत होत्या, वारा घालत होत्या, आणि मग एकीने तेनिनच्या ओढणीवरचे डाग बघितले आणि हात तोंडावर नेला. जेनेबाने सुनेला पालथं झोपवलं, डबी उघडली आणि बोटांनी मलम लावायला घेतलं. नदीच्या दोन वळणांपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. समोरून डोगोन बायकांनी भरलेली होडी आली. त्यांनी ओरडून चिडवलं. तिने मान वर केली नाही.

त्या मुकेपणाची तेनिनला मघापेक्षा जास्त भीती वाटली. म्हातारीचं काहीतरी आत तुटलं, आता ती गेली, असं वाटलं.

"आई, काहीतरी बोला हो."

बोटं थांबली. मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बोलू काय?" जेनेबा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हलू नकोस, बटाट्या. सोललेला बटाटा बरा दिसेल, असली पाठ आहे तुझी. तुझ्या बापाने फसवून माल दिला मला."

होडीतल्या बायका अवाक झाल्या. हसू दाबताना तेनिनचं सगळं अंग आतून हललं, आणि पाठ इतकी दुखली की डोळ्यांपुढे अंधारी आली. असं बोलणं झालं की उलट बोलावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. या घरात कधी बोलायची वेळच आली नव्हती.

"गप्प बसा," ती पोत्यात तोंड खुपसून म्हणाली, "सडके मासळी."

"ऐका गं!" जेनेबा साऱ्या होडीला ओरडून म्हणाली. "ऐका, ही गुलाम मला काय म्हणाली!" आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली.