हळद लागलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या भिंगाच्या फिरत्या कड्यात अजूनही थोडी हळद अडकलेली आहे, त्यामुळे ते कडं जरा कुरकुरतं.

उमेदीची वर्षं मी वाशीमच्या दिनेश फोटोवाल्याच्या गळ्यात काढली. हळदीच्या कार्यक्रमात लोक नवरदेवाबरोबर मलाही रंगवायचे. माणसं ओळखायला मी तिथेच शिकलो. 'मला नको बाई फोटो' म्हणणारी मावशी आधी पदर सारखा करते. दागिना नवा असेल तर हात आपोआप गळ्याशी जातो. आणि सगळं घर एका ओळीत उभं राहिलं की कुणीतरी एकजण डोळे मिटतोच. हे सारं माझ्याकडे जमा आहे. पुढे दिनेशने नवा कॅमेरा घेतला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. तिथून मला सुचिताने स्वस्तात विकत नेलं.

सुचिता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. शहराला लागूनच तिच्या घरची भाजीची बाग आहे. तिने मला एसटीतून मेडशीकडच्या रानात नेलं, मोर दाखवले, नीलगाय दाखवली. पण माझा जीव जडला तो चतुरावर! पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. लाल, निळा, सोनेरी! काडीवरून भुर्रकन उडतो आणि फिरून त्याच काडीवर येऊन बसतो. शिवाय त्याला पापण्याच नाहीत. कधीच डोळे न मिटणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच मिळालं!

एका संध्याकाळी सुचिताचे वडील नथ्थूभाऊ शेततळ्यावरून तणतणत आले. काठच्या गवतावर त्यांना मातकट, काटेरी पायांचे किडे चिकटलेले दिसले होते. भाजीवाल्याला कीड दिसली की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. ती वांग्यांवर चढायच्या आत सकाळीच तळ्याकाठी औषध मारायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या चतुराच्या पिल्लांच्या रिकाम्या काती आहेत, पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात, औषधाने सगळी मरतील, असं सुचिता परोपरीने सांगत होती.

"हेलिकॉप्टर कुठं पाण्यातून निंगते काय वं?" नथ्थूभाऊ म्हणाले. "मले दाखव, मंग मानतो."

सुचिताने मला बाहेर काढलं आणि तिथेच घोळ झाला. तिच्या आईला, प्रयागबाईंना, वांग्यांच्या टोपलीसोबत फोटो हवा झाला. मग शेजारणी मेथीच्या जुड्या घेऊन आल्या. पदर सारखे झाले, बॅटरी उतरली. वर रात्रभर लाइट नाही. सकाळी तळ्यावर पोचलो तेव्हा माझ्यात बॅटरीची एकच लाल रेघ उरली होती.

नथ्थूभाऊ पाठीवर पंप घेऊन उभेच होते. आम्ही गवतापाशी वाकलो. आणि खरंच, पाण्यातून एक मातकट पिल्लू वर चढत होतं! काडीच्या मध्यावर ते थांबलं. सुचिताने श्वास धरला, मी रेघ धरून ठेवली. पाठ उकलली! डोकं बाहेर आलं, मग पाय, मग चुरगळलेले पंख. माझं कडं कुरकुरत होतं, पण सुचिताने ते हाताने फिरवून एकेक फोटो टिपला. पंख उलगडत गेले, काचेसारखे, ओले! सुचिताने माझ्या पडद्यावर सगळं मोठं करून वडिलांसमोर धरलं. ते एकदा पडद्याकडे, एकदा काडीकडे पाहत राहिले.

"मी तं याहिलेच मारून राह्यलो होतो ना वं," ते हळूच म्हणाले. त्यांनी पंप उतरवून बांधावर ठेवला.

घरात कधीच फोटो न मागितलेला हा एकच माणूस. तो आता सदऱ्याची बटणं लावू लागला. "याच्यासंगं माया बी काढ एक."

ते गवतापाशी ताठ उभे राहिले. सुचिताने बटण दाबलं, पण माझी रेघ संपली होती.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. आमची भिंगं मऊ कापडाने पुसा, पदराने नको. रानात निघायच्या आधी आमचं पोट भरा. आणि कुठल्याही जिवाला कीड म्हणण्याआधी जरा वाकून पाहा.

ते गवत अजून उभं आहे. माझा हिशेब मात्र एका जागी अडला आहे. नथ्थूभाऊ त्या सकाळी अगदी चतुरासारखे, डोळे न मिटता उभे होते. इतक्या वर्षांत असा माणूस पहिलाच, आणि नेमका त्याचाच फोटो माझ्याकडे नाही.