पंपाचा उपास

हितेश पंपरूमची चावी मागायला आला तेव्हा मी बाबांचे शर्ट घड्या करून पिशवीत भरत होते.

"घाई नाही, मृणालताई," तो दारातच थांबून म्हणाला. "पण नवा पंप येतोय या आठवड्यात. मोठा घेतलाय. चावी काकांकडेच असायची."

हितेश आमच्या सोसायटीचा नवा सेक्रेटरी. बाबांना शेवटचं खाली नेताना जिन्याच्या वळणावर ज्याने सगळा भार घेतला होता, तो हाच. मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं.

"पालिकेचं पाणी आठवड्यातून एक दिवस बंद," तो म्हणाला. "टँकरवाले फोन उचलत नाहीत. आपल्या दारात विहीर आहे आणि आपण तिला अमावास्या-पौर्णिमेची सुट्टी देतो. बरं, बाकीच्या दिवशीसुद्धा काकांनी विहिरीच्या भिंतीवर ओढलेल्या त्या पांढऱ्या पट्ट्याखाली पाणी उपसायचं नाही. काकांची श्रद्धा होती, आम्ही कधी काही बोललो नाही. पण आता…"

पुढचं त्याने ग्लासातल्या पाण्याबरोबर गिळलं. चावी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हणाले, "शोधून ठेवते. रविवारच्या मीटिंगला देते."

तो गेल्यावर मी बराच वेळ एकच शर्ट हातात धरून बसले. काकांची श्रद्धा. कल्याणच्या शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माझा बाप. घरात देव्हारा नव्हता. आपल्यामागे दिवस घालायचे नाहीत, असं त्यांनी मला अनेकदा बजावलं होतं. "कावळ्यांना रोज घाला की. त्यासाठी मी मरायची वाट कशाला बघता?" असं म्हणायचे आणि खरंच रोज घालायचे.

डोंबिवली पश्चिमेची ही आमची इमारत उभी राहिली ती एका जुन्या आगरी घराच्या वाडीवर. वाडी गेली, कडेची विहीर राहिली. तिच्या पलीकडे एक रस्ता, थोडी झाडी आणि मग खाडी. वापरायचं सगळं पाणी आम्हाला ही विहीर देते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास खाडीला उधाण येतं. त्या वेळी विहिरीत पाणी भरपूर असेल तर काही होत नाही. पण विहीर उपसून खाली गेलेली असेल, तर खाडीचं पाणी जमिनीखालून तिच्यात शिरतं. एकदा शिरलं की पुढचा पावसाळा येईपर्यंत खारटपणा जात नाही, आणि कधी कधी पुढच्या पावसाळ्यानेही जात नाही. वाडीच्या जुन्या मालकांनी, गुणाजींनी, हे बाबांना सांगितलं होतं. बाबांनी वर्षभर पाण्याचे नमुने तपासून खात्री केली आणि तेव्हाच्या कमिटीपुढे ते मांडलं.

"मास्तर, खाडी तिकडे, विहीर इकडे," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. विषय संपला.

पुढच्या महिन्यात बाबा पुन्हा उभे राहिले. म्हणाले, ही गावाची विहीर आहे, तिच्यात जलदेवता आहे, अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोन दिवस तिच्यातून पंपाने पाणी ओढू नये, असं जुने लोक सांगतात. यावर कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या मालनकाकूंनी पंपावर जास्वंदीचं फूल ठेवलं. तेव्हापासून त्या दिवसांना सोसायटीत 'पंपाचा उपास' म्हणतात.

त्या संध्याकाळी बाबांचा मला ठाण्याला फोन आला होता. हसून हसून त्यांना बोलता येईना. "मृणाल, अगं, मी धर्म स्थापन केला."

मीही हसले होते. विहीर गोडी राहिली, बाबांचं काम झालं. पण श्रद्धा माणसाबरोबर जाते आणि तिच्यामागे कोणी कारण विचारत नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर मी विहिरीवर गेले. मंजुळामावशी पाणी काढत होत्या. त्या गुणाजींच्या सूनबाई. कुंपणाला लागून त्यांचं घर आहे. वाडी विकताना गुणाजींनी एवढंच मागून घेतलं होतं, की घरच्या बाईला हातरहाटाने पाणी काढता यावं. त्यांचा अळू आणि मोगरा याच पाण्यावर.

"आयलीस का?" त्या म्हणाल्या. "ये, कळशी धर."

मी कळशी धरली. त्यांनी कठड्याजवळच्या दगडी डोणीत थोडं पाणी ओतलं. दोन बुलबुल फांदीवरून खाली आले. आम्ही तिथेच असल्याचं त्यांना काही वाटलं नाही. आत, पाण्याच्या कडेला, एका दगडावर कासव मान बाहेर काढून बसलं होतं. ते किती वर्षांचं आहे, कोणाला ठाऊक नाही.

"नवा पंप येतोय," मी म्हणाले.

"ऐकला. तो पोरगा सांगत व्हता, आता रोज चालवनार." त्यांनी दोर गुंडाळला. "एक उधान पुरं हाय. मग माजा अळू बी गेला नि ह्यो कासव बी गेला."

"काय करू मावशी?"

"काय करू म्हंजे? उभी रहा नि बोल, बापाची शेवटची इच्छा व्हती. बोल, सपनात आला." त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. "मेल्या मानसाचा शब्द कोन मोडीत नाय. तुजा तर आता कोनीच मोडनार नाय. डोल्यान थोरा पानी आन, बस."

मला हसू आलं आणि मग डोळ्यांत खरंच पाणी आलं. मंजुळामावशी म्हणाल्या, "हा, असाच."

दोन दिवस मी त्यावर विचार केला. ते सोपं होतं, आणि मला जमलंही असतं. पण या वर्षी चाललं असतं. पुढच्या वर्षी मी ठाण्याला असेन, फ्लॅट विकलेला असेल, आणि एखादा हितेश पुन्हा म्हणेल, त्या मुलीची श्रद्धा होती. दुसऱ्या बाजूला, खरं काय ते सांगायचं ठरवलं तर बाबांनी इतकी वर्षं सगळ्यांना फसवलं, हेही सांगावं लागणार होतं. त्यांच्या माघारी, त्यांच्या शेजाऱ्यांसमोर. माझ्याजवळ त्यांचं जे काही उरलं होतं त्यात त्यांचं नाव बरंच वर होतं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी दोन बाटल्या घेऊन गेले. हितेशने पंपाचा विषय काढला तेव्हा उभी राहिले आणि जसं घडलं तसं सांगितलं. उधाण, गुणाजी, बाबांचे नमुने, कमिटीचं हसणं आणि मग जलदेवता.

मालनकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"म्हणजे जलदेवता नाही?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी ती तयार केली, काकू. मला माफ करा."

"आणि मी इतकी वर्षं मोटारीला फुलं वाहतेय."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. काकूंनी वळून पाहिलं, आणि हसू थांबलं.

हितेश म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण हेही आम्ही कशावरून खरं मानायचं? आधी देवी होती, आता उधाण."

त्याचा प्रश्न बरोबर होता. बाबांना तो आवडला असता. मी दोन ग्लास भरले. एकात आमच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात पलीकडच्या इमारतीच्या बोअरचं. ती बोअर दिवसरात्र चालते.

हितेशने पहिल्या ग्लासातला घोट घेतला. मग दुसऱ्यातला, आणि तो उठून कोपऱ्यात थुंकून आला.

"मचूळ आहे," तो म्हणाला. "पण त्यांचं पाणी पहिल्यापासूनच तसं असेल."

"पयल्यापासून?" कुंपणापलीकडून मंजुळामावशींचा आवाज आला. त्या कधीपासून ऐकत होत्या देव जाणे. "तिथं आमचा वाल व्हायचा, बाबा. खाऱ्या पान्यावर वाल व्हतो का? तुज्या आयशीला इचार, माज्याकडशी शेंगा न्यायची."

हितेशने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली.

पुढे तासभर चर्चा झाली. टँकर लागणार, त्याला कोणाचा इलाज नव्हता. कोणी म्हणालं, गाड्या धुणं बंद करा. त्यावर गाडीवाले चिडले. कोणी गच्चीवरचं पावसाचं पाणी विहिरीत सोडायची कल्पना काढली, तीही बाबांचीच होती, पण ते मी सांगितलं नाही. शेवटी ठरलं ते इतकंच: मोठा पंप परत पाठवायचा, पट्टा तसाच ठेवायचा, उधाणाचे दिवस पाळायचे, आणि वर्षभराने पाणी तपासून पुन्हा बसायचं. हितेश म्हणाला, "एक वर्ष, ताई. पुढचं तेव्हा बघू." मी चावी त्याच्या हातात दिली.

मालनकाकू उठताना माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्या बाबांना माहीत नव्हतं म्हणून देवी नाही, असं थोडंच आहे? अमावास्येला मी काही कोणाला पंप लावू देणार नाही. उधाण येवो न येवो."

पौर्णिमेला मी शेवटच्या पिशव्या न्यायला आले. टेम्पो यायला वेळ होता, म्हणून विहिरीकडे गेले. पंपरूमच्या दारावर हितेशने भरतीच्या वेळा लिहून चिकटवल्या होत्या. आतली मोटार बंद होती आणि तिच्यावर ताजं जास्वंद ठेवलेलं होतं.

पूर्वी मी ते फूल बघून बाबांना चिडवत असे. ते खांदे उडवायचे, पण फूल कधी त्यांनी उचललं नाही. मीही ते राहू दिलं. बाहेर येऊन एक पोहरा काढला, डोण भरली आणि उरलेल्या पाण्यातला ओंजळभर घोट घेऊन पाहिला. गोड होतं. पाणी पट्ट्याच्या वर होतं आणि कासव दगडावर नव्हतं; खाली कुठेतरी असेल.