बर्फाची कॉफी

“थर्टी-सिक्स पॉइंट फोर. राइट डाउन, लाह,” गाळ्याचे मालक को अंकल म्हणाले. जिभेखालचा थर्मामीटर काढून त्यांनी बर्फाच्या कॉफीचा उरलेला घोट संपवला.

संजीवनीने तक्त्यावर आकडा लिहिला. सिंगापूरमध्ये सार्सची साथ आल्यापासून क्लेमेंटीच्या त्या खाद्यगाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये गाळा उघडण्याआधी ताप मोजायचा नेम झाला होता. शेजारचा नूडलवाला गेल्या सोमवारी खोकत गेला तो गेलाच. त्याचं शटर अजून खाली होतं.

अंकलचे वडील ब्रिटिश पलटणीच्या मेसमध्ये स्वयंपाकी. एकाहत्तरला गोरे मायदेशी गेले, मासे तळायची कढई मागे राहिली. तीच उचलून बापलेकांनी फिश अँड चिप्सची हातगाडी टाकली, पुढे हा गाळा घेतला. रत्नागिरीच्या संजीवनीला तो मैद्यात बुडवलेला मासा आधी स्वेटर घातल्यासारखा वाटे. आता अकरा वर्षं तीच तो तळत होती, आणि ‘आमच्यासारखा मासा कुठे मिळत नाही’ असं नवऱ्याला ऐकवतही होती.

कढई सरकवताना अंकलचा हात तिच्या हाताला लागला. चटका बसावा इतका तापलेला. तिने रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. गेले तीन दिवस ते मोजण्याआधी बर्फच पीत होते. गार तोंडात पारा चढणार कसा! तिन्ही आकडे तिच्याच अक्षरात होते.

तिने नवऱ्याला फोन लावला.

“तू आधी घरी ये,” सुबोध म्हणाला. “म्हाताऱ्याचं म्हातारा बघेल.”

“अकराला शाळेची मुलं येतील रे. त्यांना काय वाढू?”

फोन ठेवून ती अंकलसमोर आली. “फिफ्टीन मिनिट्स नो कॉफी, अंकल. देन चेक अगेन.”

“हॉस्पिटल टेक मी, शॉप फिनिश, लाह.”

“आय नो, अंकल.”

अंकलनी ग्लास बाजूला सरकवला. टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसली. पिठाचा थेंब तेलात सोड, चुर्र वाजला की मगच मासा, हे त्यांनी तिला पुन्हा एकदा समजावलं. अकरा वर्षं पाठ असलेलं ते तिने पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

थर्टी-एट पॉइंट नाइन. म्हणजे आपल्याकडचा एकशे दोन ताप. तिने तो आकडा लिहिला, आधीच्या तिन्हींवर काट मारली, खाली सही केली आणि अँब्युलन्सला फोन लावला.

मास्कवाले आले तेव्हा अंकल एप्रनची घडी घालत होते. ती कढईशेजारी ठेवून ते मागे न बघता चालत गेले. दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, असं एकाने तिला लांबूनच बजावलं.

पलीकडे शाळेची मुलं येऊ लागली होती. शटर ओढण्याआधी तिने पिठाचा एक थेंब गार तेलात सोडला. तो आवाज न करता तळाशी जाऊन बसला.