कोमट पाणी

मास्तरीण पापनिवेदनाच्या रांगेत बसली होती आणि तिच्या पोटात दुखत होतं. हे दुखणं औषधाने जाणारं नव्हतं. तिला नवऱ्याचा हेवा वाटत होता, आणि तेच थोड्या वेळाने पडद्याआडच्या फादरना सांगायचं होतं.

खरं तर ती चष्म्याच्या दुकानात कामाला. 'मास्तरीण' हे नाव चर्चमधलं. मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्यांना श्रद्धा समजावून देणारा वर्ग ती कित्येक वर्षं चालवत होती. बाप्तिस्म्याचं पाणी भरायचं कामही तिचंच. डोक्यावर एकदम गार पाणी नको म्हणून ती किटलीत थोडं तापवून जगमध्ये मिसळायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायची, बाळाच्या दुधाचं बघतात तसं. या वेळी मात्र तिने फादरना सांगून टाकलं होतं, "उद्या दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांगा." कारण उद्याचा बाप्तिस्मा तिच्या नवऱ्याचा होता.

नवरा लिफ्टचा मिस्त्री. "तुझा देव कितव्या मजल्यावर राहतो ते सांग, वायर तपासून येतो," असली थट्टा तिने लग्नापासून ऐकलेली. तिने समजावलं, उशाशी पुस्तकं ठेवली, रुसून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि गेल्या वर्षी हा गृहस्थ न सांगता येऊन तिच्याच वर्गात मागच्या बाकावर बसला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बघू म्हटलं."

तिला आनंद व्हायला हवा होता. सुरुवातीला झालाही. मग एक दिवस ती देवाच्या कृपेवर बोलत होती, व्याख्येवर व्याख्या रचत, आणि वर्ग जांभया देत होता. मागून मिस्त्री म्हणाला, "जिना आपण चढतो, लिफ्ट आपल्याला नेते. आपण नुसतं आत पाऊल टाकायचं. तरी काही जण आत उभं राहून टाचा उंचावतात, जशी काही तेवढीच लिफ्टला मदत!" अख्खा वर्ग हसला, आणि त्याहून वाईट म्हणजे, वर्गाला समजलं. फादरनी तो दाखला रविवारच्या प्रवचनात घेतला. मास्तरणीची इतक्या वर्षांतली एक ओळ कधी तिथवर पोचली नव्हती. टाचा उंचावणारं माणूस कोण, हे मात्र तिला बरोबर कळलं.

मग काय, जो तो मिस्त्रीच्या कौतुकात. "गंगेत घोडं न्हालं हो तुमचं!" शेजारीण म्हणाली. मास्तरणीने दात दाखवले. हसू काही आलं नाही.

पण हे झालं वरवरचं. आतलं दुखणं वेगळं होतं. बाप्तिस्मा घेणाऱ्या मोठ्या माणसाला आधी पापनिवेदन करावं लागत नाही, करताही येत नाही, त्या पाण्यानेच जन्मभराची पापं धुतली जातात, हे तिनेच शिकवलेलं. पी हळद नि हो गोरी! आणि ती, पाळण्यात असल्यापासूनची ख्रिस्ती, दर महिन्याला या बाकावर. शिवाय उद्या धुऊन जाणाऱ्या पापांत एक तिच्याविरुद्धचं होतं, आणि ते तिला न विचारता जाणार होतं.

त्यांची एकुलती मुलगी एकच दिवस जगली. बाळ इस्पितळात काचेच्या पेटीत, मिस्त्री पेटीच्या बाजूला. मास्तरीण वरच्या मजल्यावर, टाक्यांमुळे उठता न येणारी. तिने नर्सबरोबर निरोप पाठवला होता: जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, तुझ्यासारखासुद्धा. थोडं पाणी घाल, एवढे शब्द म्हण, माझ्यासाठी कर. सकाळी तो वर आला तो मान खाली घालून. "नाही केलं," म्हणाला. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

वर्गात कुणी अशा बाळांबद्दल विचारलं की ती सांगायची, आपण त्यांना देवाच्या दयेवर सोपवतो, आणि त्या दयेला पाण्याची अट नाही. तिचा त्यावर विश्वासही होता. पण जे पाणी लेकीला मिळालं नाही ते उद्या याला मिळणार, वर कोमट करून! लेकीच्या वतीने तिचा नुसता जळफळाट होत होता.

मिस्त्री येऊन तिच्या शेजारी बसला.

"तुझं इथे काय काम?" ती पुटपुटली. "तुला गरज नाही."

"माहीत आहे. आत नेमकं काय करतात?"

"वर्गात झालंय ते."

"परत सांग ना."

"पाप सरळ सांगायचं," ती तुटकपणे म्हणाली. "स्वतःचं, दुसऱ्याचं नाही. आणि कारणं द्यायची नाहीत."

रांग पुढे सरकली, तसे तेही सरकले.

"मला आत जाता येत नाही," तो म्हणाला. "म्हणून तुला सांगतो. तुझा निरोप आला तेव्हा मला ते सगळं थोतांड वाटायचं. त्यात डॉक्टरांची धावपळ, माझं डोकं ठिकाणावर…"

"कारणं नकोत."

तो बोटांतलं काळं ग्रीस अंगठ्याने खरवडत राहिला.

"तू पाणी मागितलंस. नळ समोर होता. मी उठलो नाही."

हे वाक्य तिने मनात कितीदा तरी त्याच्या तोंडी घातलं होतं. त्यात तो रडायचा आणि ती मोठ्या मनाने क्षमा करायची. आता तो रडत नव्हता, आणि क्षमा शोधूनही तिला सापडत नव्हती. राग आला. त्याहून जास्त हेवा वाटला. इतकं स्वच्छ पापनिवेदन तिला जन्मात जमलं नव्हतं.

पडद्यावरचा दिवा हिरवा झाला. तिची पाळी होती. ती मागे वळून रांगेतल्या म्हातारीला म्हणाली, "आजी, तुम्ही व्हा पुढे. माझी अजून तयारी नाही."

आजी आत गेल्या.

"उद्याचं पाणी मीच भरीन," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"पण किटली लावणार नाही. गार असेल."

"असू दे," मिस्त्री म्हणाला. "नळाचंच आण."