शनिवारचं पीठ

“या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!” बाबा स्वयंपाकघरात पुटपुटत होते. फ्रिजचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

भिंतीच्या अलीकडे आई पलंगावर बसून उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण पुन्हा घालत होती. अभ्र्याची काही घाई नव्हती. पण हातात सुई असली की माणसाला कुणी पटकन उठवत नाही.

बाबा दारात आले. कमरेला एप्रन, हातात उलथनं, सगळा रविवारचा थाट. आवाज तेवढा चोरटा.

“अगं, पीठ?”

“कसलं पीठ?”

“कसलं काय! आपलं ते... रात्रीचं.”

“राहिलं बाई.” तिने दोरा दातांनी तोडला. “तुमच्या हाताला एवढी चव आहे, करा की ताजं.”

बाबा सहा दिवस बस चालवायचे. ऐन चौकात गाडी बंद पडावी तसे ते क्षणभर उभे राहिले, आणि मग मागे फिरले.

बाबांचे रविवारचे पॅनकेक सगळ्या नात्यागोत्यात गाजलेले. आठवडाभर आईने रांधायचं, घरच्यांनी जेवून हात धुवायचे. त्याला ‘छान’ म्हणायची पद्धत नव्हती. रविवारी मात्र बाबा पॅनकेक हवेत उडवत, तव्यात झेलत, आणि टाळ्या पडत. ते फुगायचे शनिवारी संध्याकाळी आई केळं कुस्करून, चिमूटभर यीस्ट घालून पीठ भिजवून ठेवायची म्हणून. पण हे कुणी बोलत नसे. आणि बोलणार तरी कोण? सुरुवात तिनेच केली होती. मुलगी लहान असताना बाबा अंधारात कामाला जायचे, अंधारात यायचे. एकदा पोर त्यांना बघून परका माणूस आला म्हणून भोकाड पसरून रडली. त्या आठवड्यात आईने पीठ कालवून पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. पोरीला भरवायला बापाच्या हातात काहीतरी हवं ना! आता त्याच पोरीच्या तोंडून ‘बाबांचे पॅनकेक’ ऐकलं की आईच्या पोटात दुखायचं.

ती मुलगी, चिमी, काल नवऱ्याला घेऊन आली होती. त्याची लांब बदली झालेली, आज दुपारी दोघं निघणार. चपला काढता काढताच चिमीने जाहीर केलं,

“बाबा, मी घरी करून बघितले. नुसता पुठ्ठा! तुमचा तवा मी नेणार, आधीच सांगून ठेवते.”

“ने की! राजरोस ने!” बाबा म्हणाले, जणू गादीच सोपवत होते.

आई तेव्हा पाण्याचे पेले घेऊन शेजारीच उभी होती. चिमीने पेला घेतला, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी केळी टोपलीतच राहिली, आणि आई डोकं दुखतंय म्हणून लवकर आडवी झाली.

आता टेबलाभोवती सगळे ताटं पुढ्यात घेऊन बसले होते. पहिला पॅनकेक तव्याला चिकटला. दुसरा उडवला, तर अर्धा वर गेला आणि अर्धा जागचा हलला नाही. तिसरा जावयाच्या ताटात आला.

“मस्त झालाय, बाबा,” जावई म्हणाला, आणि पाण्याचा पेला जवळ ओढला.

“गॅस मोठा झाला असेल,” चिमी म्हणाली.

“अंडी गार होती गं, फ्रिजमधली,” बाबा म्हणाले.

“मैद्याचंही हल्ली काही खरं नसतं,” जावई चावता चावता म्हणाला. अजून पहिलाच घास चालला होता.

आई बघत होती. हेच तर तिला बघायचं होतं. पण बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भर बसमध्ये एखाद्या पोरसवद्या प्रवाशाने झापलं, की घरी येईपर्यंत त्या तशाच राहत, आणि विचारलं तर म्हणत, ऊन होतं. चौथा पॅनकेक त्यांनी उडवला नाही. दोन्ही हातांनी उलथनं धरून, कडेकडेने, हळूच सोडवत राहिले. चिमीची नजर फळीवर पालथ्या घातलेल्या पातेल्याकडे गेली, तिथून आईकडे, आणि मग ताटात. तिथेच राहिली.

आईला आपला आवाज ऐकू आला.

“तवाच कामातून गेलाय मेला. कधीची म्हणतेय टाकून द्या. चिमे, नेऊ नकोस हा. तुला नवा घेऊन देते.”

“हो ना,” चिमी घाईने म्हणाली. “तवाच असणार.”

बाबांनी गॅस बंद केला. उलथनं ओट्यावर ठेवलं, एप्रनची गाठ सोडली आणि जावयाकडे न बघता मुलीसमोर येऊन बसले.

“तव्याला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “पीठ तुझी आई करते. पहिल्या रविवारपासून. मी आपला नुसता उलटायला.”