बाराचं ॲव्हरेज

"गाडीत काही दोष नाही, काका. दोनदा तपासली आम्ही."

"मंग दोष कुटं हाय? माज्या पायात?"

अंकिता हातातल्या जॉबकार्डाकडं बघत राहिली. कराडच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती नुकतीच लागली होती आणि गिऱ्हाइकाला काय बोलायचं नसतं, एवढं तिला शिकवलेलं होतं. काचेपलीकडं महेंद्र बनसोडे यांची पांढरी गाडी लिफ्टवरून खाली येत होती. कंपनी म्हणायची लिटरला वीस. यांची देत होती बारा. डिझेलची नळी, फिल्टर, चाकांची हवा, सगळं पाहून झालं होतं.

मागून जाता जाता मॅनेजर थांबले. "काका, तुम्ही एसटीला होता ना? मोठ्या गाडीची सवय. जुन्या ड्रायव्हर लोकांचा पाय जरा जड असतो."

ते हसून बोलले आणि निघूनही गेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण महेंद्र तिथंच उभे राहिले. जड पाय! आगारात डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरांची नावं फळ्यावर लिहायची पद्धत होती. त्या फळ्यावर त्यांचं नाव वर्षानुवर्षं पहिल्या दोघांत असायचं. उतार कुठं सुरू होतो, चढाआधी वेग कुठून धरायचा, हे त्यांचा पाय डोक्याला न विचारता ओळखायचा. त्या पायासाठी आगारप्रमुखांनी एकदा नारळ आणि टॉवेल देऊन सत्कार केला होता. टॉवेल विरून गेला, पण त्यांच्या बायकोनं, अर्जुनाकाकूंनी, तो फरशी पुसायला कधी घेतला नाही.

आणि ही गाडी आम्रपालीनं दिलेली. लेक पुण्यात नोकरीला. निवृत्तीनंतर बाप ओट्यावर नुसता बसून असतो, हे तिनं एका दिवाळीत पाहिलं आणि पुढच्या पाडव्याला गाडी दारात उभी केली. "जन्मभर सरकारची चालवलीत बाबा, आता स्वतःची चालवा." त्या दिवशी महेंद्रांनी गाडीला हार घातला आणि मग कुणाला दिसू नये म्हणून परड्यात जाऊन डोळे पुसले. रोज सकाळी ते गाडी पुसायचे. आम्रपालीचा फोन आला की ती हटकून ॲव्हरेज विचारायची. बारा ऐकून म्हणायची, "बाबा, गाडीच खराब लागली असेल तर भांडू आपण त्यांच्याशी."

लेकीनं दिलेल्या गाडीला नाव ठेवणं त्यांच्या जिवावर येत होतं. आणि पायाला नाव ठेवून घेणं त्याहून जिवावर येत होतं.

"असं करू काका," अंकिता म्हणाली, "उद्या मी तुमच्याबरोबर बसते. इथल्या पंपावर टाकी काठोकाठ भरू. सुर्ली घाटातनं कडेपूरच्या पुढं जाऊन येऊ आणि त्याच पंपावर परत काठोकाठ भरू. जेवढं मावेल तेवढं जळलं. मग मॅनेजर सरांनाही बोलायला जागा उरणार नाही."

रात्री जेवताना महेंद्रांनी हे घरी सांगितलं. अर्जुनाकाकूंनी ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "मंग उद्या तेवढं कुनासाठी थांबू नगासा."

"म्हंजे?"

"गाडी दिसली की निम्मा तालुका हात करतोय. तुमी थांबतासा. येकाचं गठुळं यायचं आसतंय, येकीची सासू यायची आसती, तवर एसी चालू ठिवून बसतासा. मंग ती पिनारच की."

"मानसं बसवल्यानं ॲव्हरेज पडतंय व्हय गं? पन्नास मानसं घिऊन एसटीला साडेपाच दिलंय म्या."

"एसटी थांब्यावर थांबायची. तुमी बांदाबांदाला थांबतासा."

ते हसले. पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली.

सकाळी टाकी भरून ते निघाले. अंकिता शेजारी बसली. शिमगा होऊन गेला होता, ऊन चटकायला लागलं होतं. "एसी चालू ठेवा काका, रोजच्यासारखंच चालवा," ती म्हणाली. महेंद्रांनी मान हलवली, पण रोजच्यासारखं चालवायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

ओगलेवाडी मागं पडली. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं ते धीरानं राहिले, मोकळा रस्ता मिळेपर्यंत त्यांनी एकदाही उगाच वेग घेतला नाही. घाटात गाडी अशी चढली की अंकिता हातातली पाण्याची बाटली उघडून आरामात पाणी प्यायली. घाट ओलांडला आणि हिरवा ऊस संपून माळ सुरू झाला. टेंभू योजनेचं पाणी आलं तरी तिकडचा माळ तो माळच. आणि तिथूनच ओळखीची माणसं सुरू झाली.

एका वस्तीपाशी डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईनं हात केला. पुढं दुधाच्या किटल्या घेऊन उभ्या असलेल्या दादासोनं केला. गाडी जवळ येताना पाहून तो किटली उचलून पुढंही आला. महेंद्रांनी मान वळवली नाही.

"काका, ते तुम्हाला हात करत होते."

"करू द्या."

गाडीतल्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा चढत होता. पंधरा. सोळा आणि काही. मग सतरा. अंकितानं मोबाइल काढला. "काका, अठराला आलं! सरांना फोटोच पाठवते." महेंद्रांना आनंद झाला. तो त्यांनी मिशीत दाबला, पण झाला. पाय जड नव्हता आणि गाडीही खोटी नव्हती. संध्याकाळी लेकीला काय सांगायचं, याची त्यांनी मनात जुळवाजुळव सुरू केली.

तांबडमाळच्या फाट्यावर लिंबाखाली एक म्हातारी उभी होती. गाडी पाहताच तिनं दोन्ही हात वर केले.

महेंद्रांनी ओळखलं. ओळखूनही त्यांचा पाय हलला नाही, गाडी त्याच वेगानं पुढं गेली. आरशात म्हातारी रस्त्याच्या मधोमध आलेली दिसली. डोक्यावरचा पदर पडला होता आणि तिला तो सावरायचं भान नव्हतं. मग वळण आलं.

ती भामाबाई. धनगराच्या घरातली. तांबडमाळला महेंद्रांची मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन जायचं, रात्री देवळापुढं गाडी लावून सीटवर झोपायचं आणि पहाटे माणसं घेऊन निघायचं. मुक्कामाची गावं त्यांनी बरीच पाहिली होती. काही गावांत जेवायच्या आधी आडनाव विचारत आणि बनसोडे म्हटल्यावर डबा आणलाय का ते विचारत. म्हणून ते सगळीकडंच डबा नेत. तांबडमाळला पहिल्याच रात्री एक बाई गाडीच्या दारात येऊन म्हणाली होती, "डायवर, गार कशाला खातासा? चला घरला." तिच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या, धोंडीबाच्या शेजारी, त्याच्यासारख्याच जर्मनच्या थाळीत त्यांना वाढलं गेलं. धोंडीबा आणि ते एका तांब्यातून पाणी प्यायले. पुढं ती फेरी त्यांच्याकडं होती तोवर त्यांनी तांबडमाळला रात्री कधी डबा उघडला नाही.

वळण संपायच्या आत त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं काका?"

"आमच्या आक्का हायत त्या."

"पण टेस्ट..."

"ऱ्हाऊ द्या, पोरी." त्यांनी गाडी वळवली. परतताना त्यांचा पाय खरंच जड पडला. इंजिन ओरडलं आणि आकडा झरझर खाली आला. तो कुणीच पाहिला नाही.

भामाबाई धावतच आली. "डायवर, म्हातारं पडलं ओ!"

लिंबाच्या बुंध्याआड बाजल्यावर धोंडीबा होता. मेंढरांसाठी पाला तोडायला बाभळीवर चढला आणि फांदीसकट खाली आला. मांडी सुजून वाकडी झाली होती, काट्यांनी अंग ओरबाडून रक्त आलं होतं. शेजारच्या नानासोनं बाजलं फाट्यापर्यंत आणवलं होतं. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन लांब गेली होती, म्हणून तो मोटरसायकलवर गाडी शोधायला गेला होता. धोंडीबा ओरडत नव्हता. ओठ घट्ट मिटून तो आभाळाकडं बघत होता.

महेंद्र क्षणभर गोंधळले. मागच्या सीटवर एवढा उंच माणूस आडवा कसा करायचा? पण अंकिता कधीच मागं पोचली होती. तिनं डिकी उघडली, सीटांचे खटके ओढले, त्या पाडून सपाट केल्या आणि म्हणाली, "खालच्या गोधडीसकट उचला. पाय मी धरते, तो अजिबात हलायला नको." तेवढ्यात नानासो रिकामाच परतला. तिघांनी मिळून धोंडीबाला आत सरकवलं. अंकिता मागंच गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांत तो पाय धरून. नानासो मेंढरांसाठी मागं राहिला. भामाबाई पुढं बसली, पण तोंड मागंच.

"कराडला न्हेतो, आक्का. तितं हाडाचं मोटं हास्पिटल हाय."

मग महेंद्रांनी गाडी कशी चालवली, ते अंकितानं पुढं अनेकांना सांगितलं. घाई होती, पण घाई करून चालणार नव्हतं. खड्डा लांबून हेरायचा, त्याआधीच गाडी सैल सोडायची, एक चाक अलगद उतरवायचं, मग दुसरं. घाटात ट्रकमागं अडकल्यावर त्यांनी हॉर्न दिला नाही, नुसता हात बाहेर काढला. ट्रकवाल्यानं मागं काय आहे ते आरशात पाहिलं आणि वाट दिली. उताराला धोंडीबाच्या पोटातलं पाणी हललं नाही. एसी पूर्ण चालू होता तरी महेंद्रांच्या कपाळावरून घाम गळत होता.

मध्येच धोंडीबा एकदा बोलला. "डायवर."

"बोला, दाजी."

"गाडी झाक हाय."

"लेकीनं दिली," महेंद्र म्हणाले. त्यांचे डोळे पुढच्या खड्ड्यावर होते.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहून सांगितलं की मांडीत सळई घालावी लागेल, पण माणूस चालेल. हाड मोडलं होतं, तरी टोक आत कुठं घुसलं नव्हतं. "कुणी आणलं यांना? फार जपून आणलंय," ते म्हणाले. अंकितानं बोट दाखवलं, तेव्हा महेंद्र भिंतीकडं बघत उभे होते.

धोंडीबाला आत नेल्यावर ते भामाबाईशेजारी बाकावर बसले. तिनं आता पदर नीट घेतला होता.

"आदी येक गाडी तशीच गेली फुडं," ती म्हणाली. "अशीच पांढरी. म्या म्हनलं, ही डायवरची न्हवं. डायवरची आसती तर थांबली आसती."

महेंद्रांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "माजीच व्हती, आक्का. आदी फुडं गेलो. मंग आलो."

भामाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग पदराच्या टोकानं बाकावरची धूळ उगाच झटकली.

"आलासा न्हवं," ती म्हणाली. "च्या प्यालासा का सकाळधरनं?"

आणि ती उठून चहा कुठं मिळतो ते विचारायला गेली. महेंद्र बाकावरूनच तिच्या पाठीकडं बघत राहिले.

दुपारी अंकिता सर्व्हिस सेंटरला परतली, तेव्हा तिच्या ड्रेसला माती आणि रक्ताचे डाग होते. मॅनेजरांनी आधी तिला बसवून पाणी दिलं, मग विचारलं, "ते ॲव्हरेजचं काय निघालं?"

"गाडी चांगली आहे सर. पायही चांगला आहे."

"मग?"

"काका थांबतात."

मॅनेजरांनी तिच्या ड्रेसवरचे डाग पुन्हा एकदा पाहिले. "पुढच्या वेळी आले की मला सांग," ते म्हणाले. "मी तसं बोलायला नको होतं."

रात्री आम्रपालीचा फोन आला. महेंद्रांनी सगळं सांगितलं. अठरा सांगितलं आणि त्यानंतरचंही सांगितलं. पलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यांना वाटलं, रेंज गेली.

"आम्रे?"

"आहे बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मुक्कामाला असायचात ना, तेव्हा आई रोज रात्री म्हणायची, डबा गार झाला असंल, कुणीतरी ऊन जेवायला घातलं असंल का. मी लहान होते, तरी मला झोप यायची नाही. घालत होतं म्हणायचं कुणीतरी." मग तिनं नाक ओढलं आणि हसली. "गाडी बारानं पळू दे बाबा. दहानं पळू दे."

अर्जुनाकाकू शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "त्येंला तसलं काय शिकवू नगं. उद्या आटवर येतील."

चैत्र सरता सरता धोंडीबाला घरी सोडलं. महेंद्र त्याला आणायला गेले. पुढची सीट मागं ढकलून त्याला पाय पसरून बसवलं. भामाबाई मागं, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन. तांबडमाळचा फाटा सोडून गाडी कच्च्या वाटेला लागली आणि समोरून नानासो मेंढरं घेऊन आला. सगळी वाट भरून गेली. महेंद्रांनी गाडी थांबवली. मेंढरं दोन्ही बाजूंनी पुढं सरकू लागली. त्यांची अंगं दारांना घासत होती, पांढऱ्या रंगावर धूळ चढत होती.

धोंडीबानं काच खाली करायला सांगितली. बटण कुठलं ते त्याला सापडेना, महेंद्रांनीच ते दाबलं. गरम वारा आणि लोकरीचा वास एकदम आत आला. धोंडीबानं तोंड बाहेर काढलं आणि जिभेनं एक आवाज केला. आवाज बारीकच निघाला, इतके दिवस पडून त्याच्यात जोर राहिला नव्हता.

पुढं गेलेली मेंढरं थांबली. एकेक करून सगळी मागं वळली आणि खिडकीपाशी दाटी करू लागली. धोंडीबानं हात बाहेर सोडला. जे तोंड येईल त्यावरून तो हात फिरवत राहिला.

"जायाचं का फुडं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"हुऊ द्या तुमचं निवांत, दाजी," महेंद्र म्हणाले आणि स्टिअरिंगवरचे हात त्यांनी खाली घेतले.