देवीच्या तसबिरीमागची वायर

भूमच्या वाटेवर, ना झाड ना सावली अशा माळावर, दूध सोसायटीची जीप दोन आचके देऊन थांबली आणि ड्रायव्हर पिराजी खाली उतरला. महिन्याभरात दोनदा असंच झालं होतं. दोन्ही वेळा मागच्या ट्रॉलीतलं दूध नासलं होतं. गेल्या बैठकीत ठरलं होतं, की आता पुन्हा दूध नासलं तर ड्रायव्हर बदलायचा. जीप बदलायची असं कुणी म्हणालं नाही. जीप सोसायटीची लाडकी होती, पिराजी कुणाचा लाडका नव्हता.

शहाऐंशीचा उन्हाळा होता. रानात काडी उरली नव्हती. कुठून कुठून कडबा आणून बाया म्हशी जगवत होत्या आणि ऊन तापायच्या आत दूध डेअरीत पोचावं म्हणून अंधारातच धारा काढत होत्या. वाटेत दूध कसं काय नासतं, हे बघायला आज त्यांनी आपल्यातल्याच सरुबाईला सोबत धाडलं होतं. ती ट्रॉलीत कॅनांच्या मधे बसली होती. पुढं पिराजीच्या शेजारी सोसायटीचे चेअरमन गुरुसिद्धप्पा. गावात किराणा दुकान, आवाज मऊ, सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"काय झालं रे?"

"फ्यूज उडाला, अण्णा."

पिराजीनं फ्यूजच्या डबीचं झाकण उघडून काचेची ती नळी उन्हात धरली. आतली तार जळून काळी पडली होती. जीपचा मूळचा पंप खराब झाल्यावर बार्शीच्या फिटरनं विजेवर चालणारा पंप बसवून दिला होता. फ्यूज उडाला, की पंप मुका. पंप मुका, की इंजिनला पेट्रोल नाही. आता त्याच्या खिशात एकच फ्यूज उरला होता. दोष न शोधता तो लावला तर तोही उडणार, आणि मग बसा माळावर.

म्हणून त्यानं फ्यूजच्या जागी दोन तारा लावलेला एक बल्ब जोडला. किल्ली फिरवली तसा बल्ब लख्ख पेटला. याचा अर्थ कुठंतरी वायर उघडी पडून जीपच्या पत्र्याला चिकटली होती. एकेक वायर सोडवत जायचं. जी सोडवल्यावर बल्ब मंद होईल किंवा विझेल, ती चोर. पिराजीनं हॉर्नची वायर सोडवली. बल्ब लख्खच. मागच्या लाल दिव्याची सोडवली. तसाच. जीपखाली सरपटत जाऊन पंपाची सोडवली. तापलेल्या खड्यांनी पाठ भाजून निघाली, आणि वर येऊन बघतो तर बल्ब त्याच्याकडं टकमक बघतोय.

आता एकच जागा राहिली होती. खरं सांगायचं तर ती त्याला पहिल्यापासून माहीत होती.

पुढच्या काचेखाली येडेश्वरीची तसबीर होती, तिच्यावर तांबडा बल्ब. महिन्याखाली अण्णांच्या बायकोचा, इरम्माचा, नवस फिटला, तेव्हा अण्णांनी ती बसवली होती. पिराजी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढं झाला, तर अण्णा गोड आवाजात म्हणाले होते, "तू राहू दे, तुला कशाला त्रास." मग लग्नात लाऊडस्पीकर लावणारा एकजण बोलावला. त्यानं पंपाकडं जाणारीच वायर मधे सोलून तिला देवीचा दिवा जोडला आणि त्या जोडावरच तसबिरीचे स्क्रू आवळले. पिराजी शेजारी उभा राहून बघत होता. पिराजीच्या वडलांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले आणि बाबासाहेबांचा फोटो लावला. त्या घरच्या माणसाला कसला त्रास वाचवला जातोय, हे त्याला नीट कळलं होतं.

"सापडलं का?" अण्णांनी विचारलं.

"सापडलं. तसबिरीच्या मागं हाय. ती काढावी लागंल."

अण्णा घाम पुसत राहिले. मग म्हणाले, "बाकीचं बघ की आधी."

"बघितलं."

"परत एकदा बघ."

पिराजीच्या डोक्यात सणक गेली. पण तो बघत बसला. बघितलेलंच बघत बसला. जादा वायर असती तर तसबिरीला वळसा घालून नेली असती, पण ती नव्हती. कॅनांवरची ओली पोती वाळून कडक झाली. सरुबाई एकेका कॅनचं झाकण उचलून वास घ्यायची आणि झाकण लावायची. शेवटी अण्णांनीच स्क्रूड्रायव्हर घेतला, तसबिरीपुढं हात जोडले, आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेच त्यांना कळेना.

"अण्णा, तुमी सांगा, म्या काढतो," पिराजी म्हणाला. "पर तुमच्या तोंडानं सांगा."

अण्णांनी रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"काढ," ते म्हणाले.

दोन स्क्रू निघाले. मागं वायर चेपून उघडी पडली होती, पत्रा तिथं काळा झाला होता. वायर वेगळी करताच बल्ब विझला. पिराजीनं चिकटपट्टी गुंडाळली, सुटलेल्या वायरी जोडल्या, शेवटचा फ्यूज बसवला, आणि तसबीर दोन्ही हातांनी अण्णांच्या मांडीवर ठेवली. त्यानंतर भूमपर्यंत गाडीनं एक आचका दिला नाही.

डेअरीत दूध उकळून बघितलं. निम्म्या कॅनांतलं फाटलं. सरुबाईचं दूध त्यातच होतं.

"एवढा उशीर कशानं झाला?" कारकुनानं विचारलं.

"ड्रायव्हरला दोष सापडेना लवकर," अण्णा मऊ आवाजात म्हणाले.

नोकरी जायची तर जाऊ दे, असं पिराजीला त्या क्षणी खरोखर वाटलं. "सापडला हुता," तो म्हणाला. "तसबिरीला माझा हात लावू द्यायला ह्यास्नी वेळ लागला."

कारकून टेबलावरच्या पेल्याकडं बघू लागला. अण्णा म्हणाले, "ते बैठकीत बघू," आणि बाहेर पडले.

सरुबाई आपलं फाटलेलं दूध गटारीत ओतत होती. पिराजी जवळ गेला, तशी ती त्याच्यावरच उसळली. "तुला ठावं हुतं ना रं? मग इचारत कशाला बसलास? काढायची की सरळ. लेकरांच्या तोंडचं दूध हाय हे."

"मावशी," पिराजी म्हणाला, "न इचारता म्या हात लावला असता, अन् दूध टायमात पोचलं असतं, तर उद्या पाणवठ्यावर तुमीच काय म्हनला असता?"

सरुबाईनं कॅन पालथा धरला होता. शेवटचा घट्ट चोथा पडेपर्यंत ती तसाच धरून राहिली.

"म्हनले असते," ती म्हणाली. "म्या बी म्हनले असते."

तिनं कॅन खाली ठेवला आणि पदरानं हात पुसले.

"बैठकीत अण्णांचं सांगंन, अन् हे बी सांगंन."